घटना क्रमांक तीन

तामलवाडी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. कृष्णराज यास,
आक्काचा आशीर्वाद.

धाकट्या भावाच्या पत्राची सुरुवात आशीर्वादानं करायची, असं बापूंनी आपल्याला शिकवलं होतं, म्हणून तो शब्द लिहिला. मनापासून दिलाय असं समजू नकोस. यानंतर ‘इकडील सर्व क्षेम’ असं लिहायचं असतं, ते मी गाळते. दोन शेळ्या व्याल्या. हरभरा काढायला आलाय. अंगणवाडीतली पोरं खोकताहेत आणि नाक माझ्या पदराला पुसताहेत. शिवांजली आणि तुझी मुलं बरी असतील. झाली खुशाली.

काल वडापवाल्या व्यंकटनं दारात जीप थांबवली आणि टपावरून एक पिशवी खाली दिली. “सरांनी धाराशिवास्नं दिलीया, काकू. कागूद माघारी आनायला सांगितलाय, म्या मंगळवारी जानार हाय.” पिशवीत एक लुगडं होतं, फिकट रंगाचं, बारीक काठाचं. लुगड्याच्या घडीत एक छापील कागद, वर ‘संमतीपत्र’. खाली जिथं जिथं सही हवी तिथं तू पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या आहेस, म्हणजे अडाणी बाईसुद्धा चुकायला नको. आणि एक चिठ्ठी : ‘आक्का, दुखवट्याचं लुगडं राहिलं होतं, पाठवतोय. सोबतच्या कागदावर सही करून लगेच दे, समितीपुढं ठेवायचाय. तुझ्यामुळं हजारो विद्यार्थ्यांचं भलं होणार आहे.’

भलं होणार आहे! माझं नाव निघालं की तुला हल्ली हजारो लोक आठवतात.

तू मोठा प्राध्यापक झालास, रीतभात विसरली असेल, म्हणून आठवण करून देते. नवरा गेलेल्या बहिणीकडं तेराव्याला भाऊ स्वतः लुगडं घेऊन येतो. तिच्या डोक्याला तेल लावायला सांगतो, तिला आपल्यासमोर जेवायला बसवतो आणि मग चार दिवस माहेरी घेऊन जातो. त्याला आपल्यात दुखवटा काढणं म्हणतात. तोवर त्या घरात तळणाची कढई चढत नाही. तुझ्या मेव्हण्यांचा दुधाचा टेम्पो तुळजापूरच्या घाटात उलटला तो मागच्या पौषात. तेराव्याला तुझ्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. मग परीक्षा आल्या, मग कुठली तरी परिषद, मग ऊन फार होतं. आमच्याकडं होळीला भजं झालं नाही आणि दिवाळीला करंजी झाली नाही. आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, एकदाही विचारलं नाही की तुझा भाऊ कधी येणार. ते विचारतील याची मला धास्ती वाटायची आणि विचारत नाहीत याचा राग यायचा. आता वर्षश्राद्धसुद्धा होऊन गेलं. आणि लुगडं आलं ते जीपच्या टपावरून, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. मी मध्ये काही म्हटलं की तू ‘आक्का, तू भावनेच्या भरात बोलतेयस’ म्हणतोस आणि मला गप्प बसावं लागतं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

आधी प्रतीक्षाचं. ती कॉलेजला का येत नाही, हे तू पहिल्याच आठवड्यात शिवांजलीकडून विचारलंस. अंगात कणकण आहे, असं मी सांगितलं. खोटं सांगितलं. तिला काहीही झालेलं नाही. ती माझ्याशी बोलत नव्हती, एवढंच. आणि तुझं नाव काढलं की उठून शेळ्यांकडं जायची.

बी.ए. झाल्यावर तिला तुळजापुरातच कुठं तरी नोकरीला लावावं, असं माझ्या मनात होतं. तूच म्हणालास, मानसशास्त्राला घाल, माझ्याच विभागात घाल, मामाच्या डोळ्यांसमोर राहील. मला बरं वाटलं होतं. बाप गेला, निदान मामा तरी आहे. शेजारणींना सांगत फिरले मी. मामाच्या डोळ्यांसमोर म्हणजे कसल्या डोळ्यांसमोर, ते आता कळलं.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी ती दुपारीच घरी आली आणि पांघरूण घेऊन पडली. मी कपाळाला हात लावला तर तिनं तो बाजूला केला. आठवडाभर हे असंच. शेवटी एकदा भाकरी थापताना मीच चिडून म्हटलं, “काय झालंय ते एकदाचं बोल, न्हाय तर कॉलेज सोड.”

“सोडणारच हाय,” ती म्हणाली. आणि मग तिला थांबवता आलं नाही. “मामांनी सगळ्यांना लायनीत उभं केलं. एकेकाला चष्मा घालून आत सोडायचं, आन् त्यो दुःखी माणसाशी कसं वागतोय ते मशीन मोजतंय. मामा म्हणले, आज घटना क्रमांक तीन, ग्रामीण विधवा. मी चष्मा घातला तर समोर आपलीच ओसरी, आई. पप्पांचा हार घातलेला फोटो. आन् त्याच्याखाली तू बसलेली. रडायलीस. मी चष्मा काढाय हात लावला, तर मामा म्हणले, पाठ पुरा हुईस्तोवर काढायचा न्हाय.”

माझ्या हातातली भाकरी फाटली.

कृष्णा, वर्गाला माहीत नव्हतं ती बाई कोण आहे. तुला माहीत होतं. एक शब्द आधी बोलला असतास, तिला त्या दिवशी घरी पाठवलं असतंस, निदान दाराबाहेर उभं केलं असतंस. मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला, तर तू काय म्हणालास? सगळ्यांना एकच नियम, भाची म्हणून सूट दिली असती तर पक्षपात झाला असता. पोरीच्या बापाच्या सुतकात शिरून तिची परीक्षा घेणं, हा तुझा निःपक्षपातीपणा.

आणि वर तिला नापास केलंस. मशीन म्हणे डोळ्यांवर लक्ष ठेवतं, मुलं कुठं बघतात, किती वेळ बघतात. प्रतीक्षा रडणाऱ्या बाईकडं बघेना. ती सरळ पाठ फिरवून उभी राहिली आणि शेवटपर्यंत वळलीच नाही. मग भिंतीवर सगळ्यांसमोर अक्षरं उमटली, ‘समानुभूती : नगण्य’. आणि तू वर्गाला समजावून सांगितलंस की समोरचं माणूस रडत असताना पाठ फिरवणं म्हणजे भावनिक निरक्षरता. पोरं हसली. भावनिक निरक्षर! चांगला शब्द काढलास. जपून ठेव, लागेल तुला.

“तू पाठ का फिरवलीस गं?” असं मी तिला विचारलं. त्यावर ती माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागली की मला चुलीपुढून उठावं लागलं. म्हणून मी धाराशिवला आले. तुला भेटायलाच आले होते, भांडायला. तू पुण्याला परिषदेला गेला होतास. प्रयोगशाळेत मोनिका नावाची तुझी एक विद्यार्थिनी होती. मी दारात उभी राहिले, तर ती माझ्याकडं बघून उठूनच उभी राहिली. “तुम्ही,” ती म्हणाली, “तुम्ही तीन नंबर ना?”

माझ्या जन्माला आलेलं सगळं त्या पोरीनं दोन शब्दांत आटपलं. तिचा राग नाही आला. बिचारीनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, मला ते बघायचंय. ती घाबरली, सरांना विचारते म्हणाली. मी म्हटलं, माझी ओसरी बघायला मला सरांची परवानगी नको. मग तिनं तो चष्मा माझ्या डोक्याला बांधला. घाण्याच्या बैलाला झापड बांधतात ना, तसा.

आणि मी घरात होते.

खोटं बोलत नाही, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांचं दूध मोजायचं माप खिडकीत होतं, ते मी नंतर देऊन टाकलं. त्यांची चप्पल दारात होती, तीही मी कुणाला तरी देऊन टाकली. मी ती उचलायला खाली वाकले आणि माझा हात नुसताच हवेत फिरला. मोनिका म्हणाली, काकू, पडाल, भिंतीला धरा.

तुला आठवतं ना कसं घेतलंस ते? पाचव्या दिवशी आला होतास. गल्लीतल्या बायका होत्या, त्यांच्यासमोर तू काही काढलं नाहीस. त्या उठून गेल्यावर गाडीतून ती काठी आणलीस, वर काळा गोळा. “हे काय रे?” मी विचारलं. “आठवण राहावी म्हणून, आक्का,” तू म्हणालास. “चारी बाजूंनी घर निघतं यात, दाजी होते तेव्हाचं. पुढं प्रतीक्षाला दाखवता येईल.” मला वाटलं, किती जीव आहे भावाचा. मी ओसरी झाडून घेतली त्या फोटोसाठी. तू ती काठी तुझ्या खांद्याला लावून उभी केलीस आणि माझ्यासमोर बसलास. म्हणजे मी तुझ्याकडं बघून बोलले की त्या गोळ्याकडं बघून बोलल्यासारखं व्हावं.

तर त्या चष्म्यातून मी बघितलं, मी बसलेय, रडतेय, आणि समोर तू नाहीस. तू बसला होतास तिथं नुसती फरशी. मी मोनिकाला विचारलं, हिचा भाऊ कुठंय? ती म्हणाली, सरांना सॉफ्टवेअरनं पुसून काढलंय, पाठ करणाऱ्या मुलाला वाटलं पाहिजे की समोर आपणच आहोत. फरशी मागून भरलीय, ओळखू येत नाही. खरंच ओळखू येत नाही. सफाईनं काम केलंयस.

आता पुढचं लिहायला हवं. इतका वेळ लुगडं आणि कढई आणि मोनिका लिहीत बसले ते यासाठीच की हे लिहायला लागू नये. तुला ते तोंडपाठ आहे, तू ते शंभर वेळा ऐकवलंयस. तरी मी माझ्या हातानं लिहिते.

मी तुला म्हटलं होतं, “किस्ना, मला हितनं घिऊन जा. मला न्हाय ऱ्हायचं या घरात. मी हितं मरंन.”

चार दिवसांसाठी नव्हतं म्हटलं मी ते. दुखवट्याच्या रीतीचं नव्हतं ते. मला कायमचं यायचं होतं. नवरा गेला त्या घरात सासऱ्याच्या भाकरी थापत जन्म काढायचा नव्हता मला. त्या घडीला मला पोरगी आठवली नाही, आबा आठवले नाहीत, अंगणवाडी आठवली नाही. बापू गेले, आई गेली. माहेर म्हणून एक तूच उरला होतास. तुझ्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं मी ते, कारण जगात दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं. तुझ्या खांद्याला तो गोळा होता. त्यानं ते नीट ऐकलं.

तू काय म्हणालास, आठवतंय?

तुझ्या पाठात ते नाही, ते कापलंयस. तिथं तुझा आवाज बंद होतो, मी रडत राहते आणि हवेत चार वाक्यं उमटतात. मुलानं त्यातलं एक निवडायचं. देवाची मर्जी, रडून काय होणार. मुलीकडं बघून धीर धरा. काळ हेच औषध आहे. आणि चौथं, ‘आक्का, तू एकटी नाहीस. तुला यायचं असेल तर मी तुझ्यासोबत आहे.’ त्याला पूर्ण गुण. मोनिका म्हणाली, वाक्यं सरांनी स्वतः लिहिलीत, फार विचार करून.

म्हणजे तुला येत होतं. बरोबर उत्तर तुला येत होतं, कृष्णा! तू ते लिहून काढलंस, त्याला गुण लावलेस, पोरांकडून घोटून घेतलंस. मला सोडून सगळ्यांना सांगितलंस. मला तू म्हणालास, “बघू, आक्का.” आणि काठी उचलून डिकीत ठेवलीस, कारण उजेड कमी होत होता. त्या ‘बघू’ला वर्ष झालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आई कीर्तनकारांना लावायची. आईच्या पोटीच एक निघाला.

मी ती चार वाक्यं वाचली आणि मला समोर बघवेना. रडणारी मी, आणि रिकामी फरशी. कुणालाच बघवलं नसतं. मी पाठ फिरवली आणि मोनिकाला म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून लाव.

तिथं गोठा आहे. तुझ्या पोरांपैकी कुणीच कधी तिकडं बघितलं नसणार, गुण समोर होते ना. तूही बघितलं नाहीस, नाही तर तेही पुसलं असतंस. गोठ्याच्या दारात आबा होते. हातात पाल्याचा भारा होता, शेळ्यांपुढं टाकायला निघाले होते. ते चालता चालता थांबले. मी ‘हितनं घिऊन जा’ म्हटलं तिथंच थांबले. भारा हातातच. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला, आवाज होऊ नये असा, आणि दाराला टेकून खाली बसले. शेळी त्यांचा पटका ओढत होती, तरी त्यांनी तिला हाकललं नाही. त्यांचा पोरगा जाऊन पाच दिवस झाले होते, कृष्णा. आणि ओसरीवरची सून म्हणत होती, मला या घरात राहायचं नाही.

मी समजत होते, म्हातारा बहिरा आहे.

माझ्या पोरीनं त्यांनाच बघितलं होतं. आई घर सोडून निघालीय हे तिच्या कानांनी त्या चष्म्यात पहिल्यांदा ऐकलं आणि ती वळली ती आजोबाकडं, त्यांनी ऐकलं की काय ते बघायला. ऐकलं होतं. म्हणून ती तिथंच उभी राहिली, पाठ पुरा होईस्तोवर, तुझा नियम पाळून. तुझ्या मशीननं त्याला नगण्य म्हटलं.

घरी आले. आबा अंगणात करडांना दूध पाजत होते. आता इथं तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी तुला ठाऊक नाही. तू ‘बघू’ म्हणून गेलास, तेराव्याला आला नाहीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले होते, “सूनबाय, तुला माहेराला जायाचं आसंल तर व्यंकटला जीप सांगतो. म्या आडवायचा न्हाय.” माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पोराची राख गार झाली नाही तोवर सुनेला बाहेर काढायला निघाला, असं मी धरलं. वर्षभर मी त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलले. ताट पुढं सरकवायचं, आपटायचं, आत जायचं. त्यांनीही कधी खुलासा केला नाही.

मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, “आबा, त्या दिशी किस्नाला मी काय म्हणले ते तुमास्नी आयकू आलं व्हतं?”

ते करडाचं तोंड पुसत राहिले. म्हणाले, “बहिरा हाय म्या, पर यवडाबी न्हाय.”

“मग बोलला का न्हाय?”

“काय बोलायचं? माजा ल्योक गेला, तुजं तर समदंच गेलं. बाईमाणसाला जावं वाटलं तर जावं. भाऊ इल असं वाटलं मला. आला न्हाय, म्हणून जीप सांगतो म्हणलं.”

‘जीप सांगतो’ हे वाक्य तुझ्या चार वाक्यांत नव्हतं. मी रडले त्यांच्यासमोर, मोठ्यानं रडले, आणि यावेळी कुणी काठी लावलेली नव्हती. प्रतीक्षा दारात येऊन उभी राहिली. “आई,” ती म्हणाली, “आम्हाला टाकून जाणार हुतीस व्हय?” मी तिला खरं तेच सांगितलं. त्या दिवशी जाणार होते. कुणी न्यायला आलं असतं तर गेलेही असते. ती आबांच्या हातातली बाटली घेऊन दुसऱ्या करडाला पाजायला बसली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलते, थोडंथोडं.

तुझ्या यंत्रानं माझ्या घरातली एक गाठ सोडवली, असं तू आता म्हणशील. तुझ्या प्रबंधात घालशीलही. म्हणून आधीच सांगते, त्यात तुझा काही हात नाही. तू ज्या बाजूला बघायला सांगितलंस, त्या बाजूला बघत राहिले असते तर मला काहीच दिसलं नसतं.

आता तुझा कागद. मी तो नीट वाचलाय, तू फुल्या मारल्यास तेवढंच नाही. ‘चित्रीकरणाचा हेतू मला समजावून सांगण्यात आला होता’ असं त्यात छापलंय. ‘मी स्वखुशीनं संमती दिली’ असंही छापलंय, आणि खाली तारीख मागच्या वर्षीची. वरातीमागून घोडं, आणि घोड्यावर म्हणे मी बसलेच होते. सही नसेल तर समिती हा पाठ पुढं जाऊ देणार नाही, बाकीच्या कॉलेजांत तो दाखवता येणार नाही, हे मोनिकानं मला सांगितलंय. तिच्यावर डाफरू नकोस, मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं. तुझी तीन वर्षांची मेहनत आहे त्यात, हेही सांगितलं. तुझी बढती त्यावर अडलीय, हे शिवांजली बोलून गेली. सगळं समजून उमजून लिहितेय मी, भावनेच्या भरात नाही.

सही मिळणार नाही.

आणि तेवढ्यानं भागणार नाही. ते चित्र काढून टाक. तुझ्या मशीनमधून, मोनिकाच्या मशीनमधून, पुण्याला दाखवायला घेऊन गेलास त्यातून, सगळीकडून. तुला पुसता येतं हे मी बघितलंय. स्वतःला पुसलंस तसंच आता आम्हाला पूस. मला, माझ्या ओसरीला, आबांना, तुझ्या मेव्हण्यांच्या चपलेला. हे काम प्रतीक्षासमोर करायचं. ती उद्यापासून कॉलेजला येतेय. सोडणार होती, मीच सोडू दिलं नाही. रोज पहिल्या बाकावर बसणार आहे, आणि तू भावना कशा समजून घ्याव्यात ते फळ्यावर लिहीत असशील तेव्हा तुझ्याकडं बघत असणार आहे. बघू तुझा हात किती सरळ चालतो. महिन्याअखेरीपर्यंत ते पुसलं गेलं नाही, तर समितीसमोर मी स्वतः येईन. तीन नंबर म्हणून सांगितलं की शिपाई आत सोडेलच.

लुगडं परत पाठवतेय. माहेरचं लुगडं माघारी गेलं की माहेर तुटतं, असं बायका म्हणतात. मला ठाऊक आहे. पत्र लिहायच्या आधी मी ते मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. चांगलं आहे, शिवांजलीनं निवडलं असणार. एकदा तर नेसावं असंही वाटलं. तू स्वतः घेऊन आला असतास, वर्षानं का होईना, दारात उभा राहून ‘आक्का, चुकलं’ एवढंच म्हणाला असतास, तर मी ते नेसले असते आणि तुला भज्यांचं ताट वाढलं असतं. मी इतकी सोपी आहे. म्हणूनच तुला इतके दिवस जमलं.

काल पिशवी उघडून मी बसले होते, तेव्हा आबा बाहेरून म्हणाले, “कढई चढवा गं आता. किती वाट बघायची त्या लुगड्याची?” प्रतीक्षानं पुऱ्या तळल्या. पहिल्या दोन जळल्या. वर्षभर हाताची सवय मोडलेली, दुसरं काय होणार. आम्ही तिघांनी खाल्ल्या.

व्यंकट मंगळवारी लुगडं आणि तुझा कोरा कागद घेऊन येईल. सही पूर्ण नावानं करावी, असं त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय. बरोबर आहे. परक्या माणसाला सही देताना पूर्ण नावच द्यावं. त्या कागदावर नाही, इथं देते.

राजेश्वरी बलभीम शिंगाडे